होळीनंतरचं हिव

इंझोरी, ता. २४ फेब्रुवारी १९३४

सौ. विजयमाला,

मायन्यात आशीर्वाद लिहीत नाही. बायकोला आशीर्वाद देणारा नवरा मला नेहमीच हास्यास्पद वाटत आला आहे, हे तू जाणतेस. शिवाय ज्या रागाने तू बैलांच्या दमणीत बसून कारंज्याला माहेरी निघून गेलीस, तो पाहता माझा आशीर्वाद तू घेतलाही नसतास.

चार दिवस मी तुझ्या पत्राची वाट पाहिली. आता स्वतःच लिहितो, कारण माझी बाजू तू पुरती ऐकलीच नाहीस.

त्या रविवारच्या सभेत काय घडलं ते आठव. महिन्यापूर्वी बिहारची भूमी हलली. गावंच्या गावं मातीत गेली. तिकडे आजही बायालेकरं उघड्यावर निजतात आणि आपण इथे वर्तमानपत्रं वाचून हळहळतो! हळहळीने कुणाच्या अंगावर पांघरूण पडत नाही, एवढंच मी सांगितलं. चावडीपुढे अख्खं गाव बसलं होतं. ऐकत होते, माना हलवत होते, पण उठत कुणी नव्हतं. तेव्हा मी म्हणालो, “दहा दिवसांवर होळी आली. होळीत हिव जळून जातं असं तुम्ही मानता ना? धुळवडीला गोधड्या धुऊन पेटीतच घालणार ना? मग यंदा पेटीत नको, बिहारला घाला!”

पहिली उठली ती माझी आई. तू पाहिलंस. खांद्यावरची गोधडी तिने काढली, घडी केली आणि माझ्या पायाशी ठेवली. मग हौसाबाई उठली, मग चंपत, मग ढीगच झाला. त्रेसष्ट गोधड्या! इंझोरीसारख्या गावातून त्रेसष्ट!

अशा वेळी माझ्या घरची एकच आणि तीही आईची, हे मला शोभलं असतं का? मी धावत घरी आलो, पेटी उघडली आणि वर होती ती गोधडी घेऊन गेलो. ती तुझ्या आईने शेवटच्या आजारात शिवलेली होती, तिच्या हिरव्या-तांबड्या लुगड्यांची होती, हे मला ठाऊक होतं. नाही असं म्हणणार नाही. पण ज्या वस्तूत जीव गुंतलेला नाही, तिचं दान कसलं?

तू एकच वाक्य बोललीस, “विचारलं असतं तर मीच दिली असती.” त्यावर मी चार दिवस विचार केला. दिलीच असतीस, तर दिली यात बिघडलं काय? याचं उत्तर तुझ्यापाशी असेल तर कळव.

गोधड्यांच्या दोन गाड्या मी स्वतः कारंजा स्टेशनावर नेऊन मदत समितीच्या हवाली केल्या. आई मजेत आहे. तुझी आठवण काढते.

इंद्रभान


इंझोरी, ता. ३ मार्च १९३४

सौ. विजयमाला,

उत्तर नाही. ठीक आहे.

बुधवारी होळी पेटली. पोरांनी अर्ध्या गावाच्या गोवऱ्या पळवून रचली होती. मी गेलो नाही. मला त्यातलं काय पटतं आणि काय नाही, ते तुला माहीत आहेच.

हवा जरा विचित्र झाली आहे. धुळवडीच्या सकाळी आभाळ आलं, उत्तरेकडून वारा सुटला आणि तो अजून थांबलेला नाही. पळस फुलला आहे, आंब्याला मोहोर आहे, आणि माणसं पौषातल्यासारखी दात वाजवत फिरताहेत. नागपूरच्या वर्तमानपत्रात आलं आहे की हिमालयाकडे अवेळी बर्फ पडलं. ते वारे इकडे येतात. शास्त्र सरळ आहे. दोन दिवसांत ओसरेल.

काल चंपत वाचनालयासमोर उभा राहिला. त्याने पोतं त्रिकोणी दुमडून डोक्यावरून घेतलं होतं, पावसात घेतात तसं. मला म्हणतो, “मास्तर, होयीत हिव जयते म्हने. यंदा त निस्त्या गोवऱ्या जयल्या. हिव तर माह्या वाडीत येऊन बसलं बाप्पा!”

सगळे हसले. मीही हसलो. नदीच्या पात्रात त्याने टरबुजं-काकड्यांची वाडी लावली आहे, त्याची त्याला काळजी. गोवऱ्या मात्र खरोखरच संपल्या. चुलीपुरतं जळण मिळतं, शेकोटीला मिळत नाही.

समितीचं कार्ड आलं. काम चालू आहे.

आईला थोडा खोकला आहे. वयाप्रमाणे असायचाच. तू येण्याची घाई करावीस असं काही नाही.

इंद्रभान


इंझोरी, ता. ८ मार्च १९३४

विजयमाला,

हे पत्र सकाळी लिहितो आहे. बोटं आखडली आहेत, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

परवा गारा पडल्या. बोरांएवढ्या होत्या, पण अर्धा तास पडत होत्या. मोहोर झडला. काल पहाटे त्याहून वाईट झालं. आभाळ निवळलं आणि असं हिव पडलं की गवतावर पांढरं मिठासारखं दिसत होतं. चंपत मला हाताला धरून नदीवर घेऊन गेला. त्याचे वेल उकडलेल्या भाजीसारखे काळे होऊन वाळूवर पडले होते. एक पान त्याने माझ्या तळहातावर ठेवलं.

“कोल्हे हाकलायले वाडीत निजत होतो मी रोज,” तो म्हणाला. “गोधडी असती त वेलायवर टाकली असती चार रोज. एक वाफा तरी वाचला असता.”

“एका गोधडीने वाडी वाचते का चंपत?”

“नसन वाचत. पन टाकली त असती नं! आता निस्तं पाहून राह्यलो.”

मी त्याला बिहारबद्दल सांगू लागलो. तिथे लोकांची घरंच गेली, तुझी वाडी गेली, असं काहीतरी. त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला, “तुमचं सारं बराबर हाय भाऊ. तुमचं कवाच चुकत नाई. थेच त वांधं हाय.”

हे मी तुला का लिहितो आहे कोण जाणे.

हौसाबाई गोणपाट पांघरते. गावात आता कुणी मला टोमणे मारत नाही. त्यापेक्षा मारलेले बरे होते. वाचनालयात कुणी येत नाही. मी एकटाच जातो, जुनी वर्तमानपत्रं उचलून घरी आणतो. कागदातून वारा जात नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आईच्या घोंगडीखाली मी चार पदर वर्तमानपत्रांचे पसरतो. तिने कूस बदलली की कागद करकर वाजतात. काल म्हणाली, “इंद्रा, तुह्या भाषनाचे कागद हायेत का रे हे? ऊब त येते!” आणि हसता हसता खोकत राहिली.

आई चार दिवस अंथरुणावर आहे. ताप आहे असं म्हणता येणार नाही. संध्याकाळी अंग कढत लागतं, एवढंच. मंगरुळहून वैद्य बोलावले होते. ते म्हणाले, छातीत कफ धरला आहे. औषधापेक्षा उबेची गरज आहे, हे हिव उतरेपर्यंत त्यांना जपा. मी विचारलं, आणि उतरलं नाही तर? त्यांनी पिशवी उचलली.

ती एक गोष्ट वारंवार बोलते. म्हणते, “माही गोधडी तिकडे कोन्या बाईच्या आंगावर असन. लेकुरवायी असन थे. निजली असन गरम.” हे बोलताना तिचा चेहरा असा होतो की मला खोलीतून बाहेर यावं लागतं.

इंद्रभान


इंझोरी, ता. ११ मार्च १९३४

विजयमाला,

तुझा भाऊ रामकिसन काल दुपारी घोड्यावरून आला. त्याने कांबळ्यात बांधलेलं गाठोडं माझ्या हाती दिलं आणि तुझी चिठ्ठी दिली. “ही आत्याबाईंसाठी. सभेसाठी नव्हे.” चार-पाच शब्द. मी आयुष्यात शेकड्यांनी व्याख्यानं दिली, पण असा घाव मला कुणाला घालता आला नाही.

गाठोडं सोडायच्या आधीच मला कळलं होतं आत काय आहे.

आता खरं लिहितो.

समितीचं कार्ड आलं ते होळीच्या दुसऱ्या दिवशी. मी तुला लिहिलं की काम चालू आहे. कार्डात होतं ते असं: बिहारकडून धान्य आणि कापड मागितलं जात आहे, गोधड्यांसाठी मालडबा मिळत नाही, तुमच्या गावच्या गोधड्या कारंज्याच्या माल-शेडमध्येच आहेत, डबा मिळाला की पाठवू. म्हणजे गावात पहिली हुडहुडी भरली त्या दिवसापासून मला ठाऊक होतं. गारा पडल्या तेव्हा ठाऊक होतं. चंपतने ते काळं पान हातावर ठेवलं तेव्हा ठाऊक होतं. आई त्या बिहारच्या लेकुरवाळीबद्दल बोलत होती, तेव्हा कार्ड माझ्या खिशात होतं.

गाड्या जोडून मी आणू शकलो असतो. एका दिवसाचा रस्ता. का नाही आणल्या? रोज एक कारण तयार करत होतो. उद्या हिव ओसरेल. उद्या डबा मिळेल. दान परत आणलं तर पुन्हा या गावात कुणी कुणाला काही देणार नाही. ही सगळी कारणं मी आईच्या उशाशी बसून इतक्या चांगल्या शब्दांत मांडली की ती मला पटली. खरं कारण एकच होतं. लोक हसले असते.

आणखी एक आहे आणि ते याहून वाईट आहे. होळीत हिव जळतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. कधीच नव्हता. वीस वर्षं मी या गावात असल्या समजुतींवर आसूड ओढले. हिव सूर्याच्या चालीने जातं, लाकडाच्या ढिगाने जात नाही, हे मीच मुलांना शिकवलं. यंदा होळी लवकर आली आहे, थंडी तिच्यानंतरही राहू शकते, हे पंचांग उघडून सांगणारा गावात मी एकटा होतो. आणि मीच चावडीवर उभा राहून त्यांच्या भोळेपणाचा हात धरला आणि त्यांच्या अंगावरून पांघरूण काढून घेतलं. ते त्यांच्या समजुतीने चुकले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते माझ्यावर विश्वास ठेवून चुकले.

तर आईची गोधडी. मी ती तिच्या अंगावर घातली. तिने डोळे मिटले होते. हात बाहेर काढून तिने कड चाचपली. एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे तिरपे टाके आहेत. दोरा संपला होता म्हणून तिने तो वापरला होता. बोट त्यावर आलं आणि थांबलं.

“हे माही हाय.”

“हो.”

“गेली नाई का?”

“स्टेशनावर आहे सगळं. डबा मिळाला नाही. विजयमालाने तुझी तेवढी काढून पाठवली.”

मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, “हौसाची?”

“तिथेच.”

“चंपताच्या लेकराइची?”

“तिथेच आहे आई.”

तिने गोधडी अंगावरून ढकलली. ताकद नव्हती, तरी पायापर्यंत ढकलली. “मंग मले काहून? मी काय मास्तराची माय हाय म्हून? घे हे. सगळ्याइच्या संगं येईन त पांघरीन.”

मी विनवलं. रागावलोही. वैद्यांचा शब्द सांगितला. तिने भिंतीकडे तोंड केलं. खालचे कागद वाजले, बस्स.

रामकिसनने सांगितलं, गोधड्या अजून स्टेशनातच आहेत असं कानावर येताच तू स्वतः शेडमध्ये गेलीस, हमालाकडून गठ्ठा सोडवून घेतलास. आईच्या गोधडीखाली तुझीच होती म्हणे, हिरवी-तांबडी. तिला तू हातही लावला नाहीस. का, विजयमाला? ती तर तुझी होती.

उद्या सकाळी मी चावडीवर जाणार आहे.

इंद्रभान


कारंजा स्टेशन, ता. १४ मार्च १९३४, दुपारी बारा

विजयमाला,

तुझ्या माहेरच्या घरापासून मी हाकेच्या अंतरावर आहे. तरी लिहितो आहे. हे पत्र स्टेशनातला हमाल तुला आणून देईल. मी स्वतः का आलो नाही, ते शेवटी कळेल.

सोमवारी चावडीवर गेलो. दवंडी दिली नव्हती, तरी माणसं जमली. मी वर चढलो नाही. खालीच उभा राहिलो आणि सांगितलं. गोधड्या कारंज्यातच आहेत. मला बारा दिवसांपासून ठाऊक आहे. होळीत हिव जळतं यावर माझा विश्वास नाही, मी तुम्हाला फसवलं. एवढंच.

मग चंपत म्हणाला, “झालं? आज लय लवकर आटोपलं भाऊ!”

मी म्हणालो, झालं.

मग जो कल्ला उठला तो मी वर्णन करत नाही. मला जे ऐकायला हवं होतं ते सगळं ऐकवलं गेलं. एकाने चप्पल काढली, दुसऱ्याने त्याचा हात धरला. शेवटी हौसाबाई गोणपाट सावरत पुढे आली आणि मला नव्हे, बाकीच्यांना म्हणाली, “याले मारून आंगात गरमी येईन, पन रातभर पुरन का? गाड्या जोडा आंदी!” त्यावर कुणीतरी ओरडलं, दान केलेलं परत आणता का. ती उलटून म्हणाली, “देलं म्या, त आनायचं का नाई थे मी पाहीन! हा कोन आन तू कोन?”

हे वाक्य ऐकलं आणि मला तू आठवलीस. दमणीत बसताना बोललीस ते. विचारलं असतं तर. एवढी पुस्तकं वाचली, आणि त्याचा अर्थ मला एका अडाणी म्हातारीने गोणपाटातून सांगितला.

असं ठरलं की दोन गाड्या जाव्यात, मी आणि चंपत. काय आणायचं, काय ठेवायचं ते ज्याने त्याने आपल्या गोधडीपुरतं चंपतला सांगावं. माझ्यापाशी कुणीच निरोप दिला नाही. आईने मात्र दिला. तिची गोधडी तिने माझ्याकडूनच गाडीत ठेवून घेतली, बाकीच्यांबरोबर परत येण्यासाठी. तिच्याजवळ हौसाबाई आणि चंपतची बायको आहेत. दोघी तिला दोन्हीकडून खेटून निजतात. निघताना तिचा श्वास मला दारातून ऐकू येत होता.

काल संध्याकाळी इथे पोचलो. शेडच्या पत्र्याला भोकं आहेत. गारांचं पाणी गठ्ठ्यांत मुरलं होतं. आज सकाळपासून आम्ही दोघांनी एकेक उलगडून स्टेशनाच्या कुंपणावर वाळत घातली. फलाटाच्या टोकापासून सिग्नलपर्यंत आपलं गाव कुंपणावर टांगलेलं आहे. उतारू बोट दाखवतात. ऊन आहे, वारा अजून थंड आहे.

आणि साडेदहाला स्टेशनमास्तर आले. डबा मिळाला! आजच, तीन वाजता बंद करून मूर्तिजापूरला लावणार. पुढे बिहारसाठी माल जातो आहे.

पंधरा दिवसांपूर्वी मी काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे. याच फलाटावर चंपतला उभं करून बिहारचं चित्र असं रंगवलं असतं की तो रडत रडत त्रेसष्टही डब्यात घालून मोकळा झाला असता. शब्द जिभेवर आले होते. ते खोटेही नव्हते. तिकडे लोक खरोखरच उघड्यावर आहेत. मी कुंपणाकडे तोंड करून उभा राहिलो.

चंपत बराच वेळ विडी ओढत बसला. मग त्याने दोन ढीग लावायला सुरुवात केली. ज्यांनी आणायला सांगितलं होतं, ज्यांच्या घरी तान्ही आहेत, म्हातारे आहेत, त्यांच्या गाडीकडे. ज्यांनी “चार रोजात उतरन हिव, जाऊ दे तिकडंच” म्हटलं होतं, त्यांच्या डब्याकडे. अशा एकोणीस निघाल्या. मला वाटलं होतं त्याहून जास्त. त्याची स्वतःची हाती आली तेव्हा त्याने ती झटकली आणि डब्यात फेकली.

मी म्हणालो, “चंपत, तुझी का?”

“वाडी त गेली. आता कोनावर टाकू? आन पाहू नोका असे. तुमच्या सांगन्यानं नाई टाकली.”

आईची त्याने गाडीत सर्वांत वर ठेवली.

आता कुंपणावर एकच उरली आहे. हिरवी-तांबडी. चंपतने विचारलं, “हे कोनीकडं?” मी म्हणालो, मला ठाऊक नाही, ती माझी नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग वाडी गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

ती वाळली आहे. तुझ्या आईचे टाके जसेच्या तसे आहेत. ती गाडीत घालायची, डब्यात घालायची की तुझ्या माहेरी ठेवायची, ते मला माहीत नाही, आणि जे मला माहीत नाही ते मी सांगणार नाही. तुला इंझोरीला चल असंही म्हणत नाही. तुझ्या दारात उभा राहिलो असतो तर म्हटलं असतं, आणि मला बोलता फार चांगलं येतं, म्हणून आलो नाही. आईचा श्वास कसा चालला आहे ते तुला लिहिलं, कारण ते तुझ्यापासून लपवलं होतं. एवढंच.

डबा तीनला बंद होतो. त्याच सुमारास चंपत बैल जुंपेल.

मी त्या गोधडीला हात लावलेला नाही. ती कुंपणावर आहे.

इंद्रभान